पहिलं बोट

आमच्या घरात माणसाचा स्वभाव ठरायला फार वेळ लागत नसे. जन्मल्यानंतर तासा-दोन तासांत काम उरकायचं. बाळाच्या जिभेवर गुळाच्या पाण्याचं पहिलं बोट कोण टेकवतं, त्यावर सगळं अवलंबून. शांत माणसाचं बोट लागलं तर बाळ शांत, कष्टाळू माणसाचं लागलं तर कष्टाळू. कुणी आळशी माणूस त्या वेळी खोलीत घुसू नये म्हणून दोन बायका दारातच बसवलेल्या असत. त्यामुळे घरात बाळंतपण आलं की बाळंतिणीपेक्षा बोटाचीच चर्चा जास्त. माझ्या वेळी ती सातव्या महिन्यातच सुरू झाली होती, असं आई सांगते.

आम्ही रावेरकडचे केळीवाले. घरात हुकूम चाले तो आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा. तिने माझ्यासाठी निवडलं नानांचं बोट. नाना तिचे धाकटे दीर. नानांनी जन्मात कुणाला उलटून बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. घरात भांडण सुरू झालं की नाना उठून केळीच्या बागेत पाणी पाहायला जात. आमच्या घरातल्या भांडणांचं प्रमाण पाहता आमच्या बागेला पाण्याची कधी आबाळ झाली नाही.

आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, भडगावला गेली होती. दिवस भरत आल्याचा निरोप आला आणि नाना धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधून निघाले. जळगावच्या स्टँडवर ते धुळ्याच्या गाडीत बसले. पाटी पाहिली नाही, आणि कुणाला विचारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "बाबा, ही धुळ्याची गाडी. एरंडोलला उतरा, तिथून भडगाव मिळेल." नानांनी मान हलवली. एरंडोल आलं तेव्हा नाना आणि दार यांच्यामध्ये एका बाईचं भुईमुगाच्या शेंगांचं पोतं होतं, आणि बाईचा डोळा लागला होता. झोपलेल्या बाईला उठवायचं कसं? नाना तसेच बसून राहिले. गाडी धुळ्याला पोचली. तिथे देवपुरात एका नातेवाइकाकडे त्यांनी मुक्काम केला, जेवण चांगलं झालं, असं पुढे तेच सांगत. मी त्याच दिवशी पहाटे भडगावात जन्मले होते आणि रडत होते.

सकाळ गेली, दुपार झाली. नाना येत नाहीत म्हणून मला कुणी काही चाटवेना. आईचं दूधही पाजेनात, कारण आधी बोट, मग दूध, असा क्रम. शेवटी बाहेरच्या खोलीतून शिवणाच्या मशीनचा आवाज थांबला आणि अक्का आत आली.

अक्का म्हणजे आईची सख्खी मोठी बहीण, माझी मावशी. तिला सगळं गाव अक्काच म्हणे. सोळाव्या वर्षी सासरी गेली आणि सात महिन्यांत परत आली, ती कायमची. कारण काय, तर तोंड. ती सासरी नेमकं काय बोलली याबद्दल तीन पाठ आहेत. पहिल्या पाठात ती सासूला म्हणाली, "भाकर करपनी ती तुमले दिसनी, मना हात भाजना तो दिसना नही का?" दुसऱ्यात हेच वाक्य ती सासऱ्यांना म्हणाली. तिसऱ्यात ती काहीच बोलली नाही, नुसतं पाहिलं. ज्यांनी अक्काचं पाहणं पाहिलं आहे त्यांना हा तिसरा पाठ सगळ्यात खरा वाटतो. तेव्हापासून ती भावाच्या घरात बाहेरच्या खोलीत मशीन टाकून गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत होती.

"पोर रडी रडी काळी पडनी, आनि तुम्ही गाडीनी वाट देखी ऱ्हायनात!" असं म्हणून तिने वाटीतल्या गुळाच्या पाण्यात करंगळी बुडवली आणि माझ्या तोंडात घातली. मी गप्प झाले. बाकीचे घाबरून गप्प झाले.

नाना दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. आणलेल्या गुळाचं काय करायचं म्हणून त्यांचंही बोट मला चाटवलं, पण ते दुसरं. दुसऱ्या बोटाला आमच्यात किंमत नाही. उरलेल्या गुळाचा चहा झाला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आमच्या घरात ती कुणाच्याच लक्षात आली नाही. मी वर्षाची होते न होते तोच भाऊ झाला. आईला दोन पोरं सांभाळणं होईना, म्हणून मला भडगावलाच ठेवलं. शाळेत घालायची वेळ येईपर्यंत मी अक्काच्या मशीनखाली कापडाच्या चिंध्यांत खेळत मोठी झाले. ब्लाउज तंग झाला म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला अक्का काय उत्तर देते, ते रोज ऐकत होते. माझं पहिलं वाक्य "ब्लाउज नही आटना, तू वाढनी" हे असावं असा आईचा अंदाज आहे. म्हणजे पाच वर्षं मी त्या बाईच्या मांडीवर जेवले, तिच्या कुशीत झोपले, तिच्याकडून बोलायला शिकले. पण या पाच वर्षांना कुणी दोष दिला नाही. दोष त्या एका बोटाचा.

रावेरकडे परत आल्यावर मी तोंड उघडायचा अवकाश, आजी कपाळाला हात लावून म्हणे, "पाह्य, पाह्य! भडगाववालीचं बोट बोलून राह्यलं!" एक नातेवाईक दर रविवारी यायचे आणि तासभर "निघतो आता, निघतो" म्हणत बसायचे. मी त्यांना चपला आणून दिल्या. बोट. गुरुजींनी फळ्यावर चुकीचं गणित सोडवलं, मी उभी राहून सांगितलं. बोट. वर्गात पहिली आले, तर मात्र आजी शेजारणीला सांगे की हुशारी आमच्या रक्तातच आहे. चांगलं ते रक्तातलं, वाईट ते बोटातलं, अशी सोयीची वाटणी होती.

आणि रक्ताचंच म्हणाल तर आजीचं स्वतःचं तोंड काय कमी होतं? तिने एकदा भर पंगतीत व्याह्यांना विचारलं होतं, "घरी उपास असतो का तुमच्या?" पण आजी बोलली की तो स्पष्टवक्तेपणा. माझं नाक तिचं, कपाळ तिचं, चालणं तिचं, हे येणारा-जाणारा सांगे आणि आजी खूश होई. जीभ तेवढी तिची असू शकते असं सुचवायची कुणाची टाप नव्हती.

बारावीनंतर मी धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. विषय वनस्पतिशास्त्र. तिथे सरांनी उंच वाटाणे आणि बुटके वाटाणे शिकवले, आणि मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन सगळ्यांची तोंडं बंद करते. दिवाळीला घरी गेले तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या वहीत आमच्या घराची वंशावळ काढून तोंडाळ माणसांना लाल पेन्सिलीने गोल केलेले होते. दोन पिढ्या लालभडक दिसत होत्या. ती वही मी नानांना दाखवली, कारण बाकी कुणाला दाखवायची हिंमत नव्हती. वर त्यांना त्यांच्याच बागेतलं सांगितलं. "नाना, केळीला बी नसतं. कंदातून कंद. म्हणजे आपली सगळी बाग एकाच रक्ताची. मग विहिरीजवळचा घड भरगच्च आणि टोकाच्या ओळीचा मरतुकडा का?"

"टोकाले पाणी पोचत नाही ना, बाई," नाना म्हणाले. "अन् तिकून वारं लागतं."

"मग झाडाच्या बाबतीत पाणी आणि वारा, आणि माणसाच्या बाबतीत बोट, असं का?"

नानांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बागेत पाणी पाहायला निघून गेले.

हे सगळं मी मजेने सांगते आहे, पण या बोटाची शिक्षा मला झाली त्याहून जास्त अक्काला झाली. माझा नमुना पाहिल्यावर भडगावात कुणाचंही बाळंतपण आलं की तिला घराबाहेर पाठवत. स्पष्ट कुणी सांगत नसे, कारण तिला स्पष्ट सांगायची छाती कुणात नव्हती. "अक्का, धुळ्याहून मशीनचा पट्टा आणून घ्या ना." "अक्का, देवपूरवाल्यांना हे पापड पोचवून या ना." मामाची मुलं झाली, पुढे चुलत घरातल्या सुनांची झाली, प्रत्येक वेळी अक्का गाडीत. बाळ तिला दिसे ते बाराव्या दिवशी, पाळण्यात, आणि तेही पोरीबाळींच्या गर्दीत मागून. हातात देताना सगळ्यांना एकदम आठवायचं की बाळाला झोप आली आहे.

मी सेकंड इयरला असताना ती एकदा माझ्या होस्टेलच्या दारात उभी राहिली. हातात पापडांचा डबा.

"घरमा बाळंतपन शे," ती म्हणाली. "माले आठे धाडं."

मला हसू आलं, तीही हसली. आम्ही पांझरा नदीच्या पुलाकडे चालत गेलो, भजी खाल्ली. तिने पुलावरच्या दोन माणसांना त्यांच्या सायकली कुठे लावायच्या ते सांगितलं. मग कठड्याला टेकून ती एकदम म्हणाली, "लहानं लेकरू हातमा घिदं का कसं लागस व? तू झायनी तव्हय एकदाच घिदं मी." आणि आपली करंगळी पाहत राहिली. अक्काचा आवाज इतका खाली गेलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. तान्हं बाळ हातात घेतलं की कसं वाटतं, ते ती मला विचारत होती.

मी म्हटलं, "अक्का, माझ्या बाळाला पहिलं बोट तुझंच. शब्द देते."

"मुकी ऱ्हाय. देखू," ती म्हणाली. पण पुढच्या खेपेला तिने मला एक छोटी चांदीची वाटी दाखवली. नवी. कशासाठी ते बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे माझे पाहण्याचे कार्यक्रम सुरू झाले. जळगावची एक मंडळी आली. मुलगा दीपनगरला, वीज केंद्रात नोकरीला. मुलाच्या काकांनी मला चालायला लावलं, वाचायला लावलं, मग म्हणाले, "सुईत दोरा ओवून दाखवा." मी म्हटलं, "चष्मा मुलाला आहे. आधी त्यांनी ओवावा." पोह्यांच्या बशा अर्ध्यावर राहिल्या. मंडळी उठली तेव्हा आजी दारापर्यंत त्यांच्या मागे गेली आणि म्हणाली, "रक्त आमचं चोख हाय हो. बोट तेवढं चुकलं." मुलाच्या आईने वळून विचारलं, "कसलं बोट?" आणि आजीने उंबऱ्यावर उभ्या उभ्या सगळी कथा सांगितली, नानांच्या गाडीसकट.

चार दिवसांनी त्या चष्मेवाल्याचं स्वतःचं पत्र आलं. त्याने घरी दोरा ओवून पाहिला होता, जमला नव्हता, लग्न करायचं होतं. मला तो आवडला. त्याच्या आईला मी आवडले नव्हते, पण एकुलत्या एका मुलापुढे त्यांचं चाललं नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्या फक्त वाट पाहत होत्या. मी काही बोलायला तोंड उघडलं की त्या हातातलं काम थांबवून सावध होऊन बसत, आता बोट बोलणार म्हणून. कुणी असं टक लावून वाट पाहत असलं की माणूस बोलेनासा होतो. दीपनगरच्या क्वार्टरच्या भिंती पातळ, शेजारी सगळे नवऱ्याचे सहकारी. हळूहळू मी असं करू लागले की सासूबाईंनी विषय काढला की दोरीवरचे कपडे काढायला बाहेर जायचं. वीज केंद्राच्या चिमणीची राख कपड्यांवर पडते हे कारण बारमाही तयार होतं. आमचे कपडे कॉलनीत सगळ्यात स्वच्छ असत.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पहिलं बोट माझ्या नणंदेचं. गरीब गाय आहे बिचारी." मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. लाल पेन्सिलीची वही अजून ट्रंकेत होती. मी हसून सांगायला हवं होतं की बोटाने काही होत नसतं, आणि होत नसेल तर ते अक्काचंच लागू द्या, मी शब्द दिला आहे. मी कपडे काढायला गेले.

भुसावळच्या एका दवाखान्यात मला मुलगी झाली. जन्मताच तिने असा आवाज लावला की नर्स म्हणाली, "बाई, ही फार तोंडाळ दिसते." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नणंदबाई रात्रीपासून येऊन बसल्याच होत्या, मधाची बाटली घेऊन. वॉर्डाच्या भिंतीवर पाटी होती की बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं काहीही देऊ नये, आणि डॉक्टरांनीही बजावलं होतं. नणंदबाईंनी पाटीकडे पाठ करून मधाचं बोट बाळाच्या जिभेवर ठेवलं. मी गप्प राहिले. भांडण नको, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला आजही जड जातं. मला वाटलं, लागू दे गरीब गाईचं बोट. अर्ध्यावर राहिलेल्या पोह्यांच्या बशा आठवल्या. वाटलं, माझ्यासारखी नको व्हायला. अक्कासारखी तर नकोच.

भडगावला मामांच्या शेजारच्या दुकानात फोन गेला होता. या खेपेला अक्काला धाडायला कुणाला काही सुचायच्या आत ती पहिल्या गाडीने निघाली होती. पाचोऱ्याला गाडी बदलली, जळगावला बदलली. तिची गाडी चुकणं शक्यच नव्हतं, कारण न विचारलेला कंडक्टर तिने मागे ठेवला नसणार. दहाच्या सुमाराला ती वॉर्डात आली. नवी इस्त्रीची साडी, हातात रुमालात बांधलेली वाटी.

"हात धुई लिना," ती दारातूनच म्हणाली. "दे तिले."

सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहत होता. सासूबाई, नणंदबाई, शेजारच्या खाटेवरची बाई.

मी म्हटलं, "अक्का, डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाला वरचं काही द्यायचं नाही. हल्ली चालत नाही गं तसं."

एकही शब्द खोटा नव्हता. अक्काने भिंतीवरची पाटी पाहिली. मग टेबलावर पाहिलं. तिथे मधाची बाटली होती, झाकण उघडं, बाजूला चिकट चमचा. ती बाटलीकडे जरा वेळ पाहत राहिली आणि मग माझ्याकडे. तिच्या सासरचा तो तिसरा पाठ खरा होता हे मला त्या दिवशी कळलं.

"मना बोटनी राहती ना तू," ती म्हणाली, अगदी हळू, "ते तोंडवर सांगती. डॉक्टरना मांगे दपती नही."

तिने वाटी टेबलावर ठेवली, बाटलीच्या शेजारी. बाळाकडे वाकून पाहिलं, पण हात लावला नाही. "गोरी शे," एवढंच म्हणाली आणि परतीची गाडी विचारायला बाहेर गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. मला इतकी लाज वाटली की रडायलाही येईना. डॉक्टरांच्या मागे मी खरंच लपले होते.

ती गेल्यावर सासूबाईंनी वाटी उचलून उलटी-सुलटी करून पाहिली, चांदीची आहे याची खात्री करून घेतली आणि पिशवीत टाकली. मग नणंदबाईंकडे वळून समाधानाने म्हणाल्या, "आमची सून शांत आहे हो. लोकांनी उगीच नाव घालवलं होतं तिचं."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी शांत म्हणत होतं. म्हणजे नानांचं ते दुसरं बोटच शेवटी लागू पडलं म्हणायचं. फक्त धुळ्याहून यायला त्याला पंचवीस वर्षं लागली.